पाठमोरी

हुबळी-धारवाडात एसी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण खिशात थर्मामीटर घालून हिंडणारा एकच, आणि तो म्हणजे नागसेन. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणालं, ‘एसी गार करत नाही,’ की हा विचारणार, ‘किती गार करत नाही?’ त्याची बायको रूपाली म्हणायची, घरात कुणी तापानं फणफणलं तरी हा आधी आकडा लिहून घेईल आणि मग औषधाचं बघेल. पंचेचाळिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. देवाधर्माच्या वाटेला गेला नाही, भुताखेतांच्या तर नाहीच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला पल्लवी ओतारी त्याच्या दुकानात आली. कमरीपेठेतल्या ओताऱ्यांची ही नात. देवांच्या पितळी मूर्ती आणि मुखवटे ओतणारं ते जुनं घराणं. पल्लवी चित्रकला शिकून आली होती आणि मेणाची चित्रं करत होती. मेणाची चित्रं म्हणजे काय हे नागसेनला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची घाईही नव्हती.

“धारवाडला मळमड्डीत एक हॉल घेतलाय नऊ दिवसांसाठी,” ती म्हणाली. “एसी दोन आहेत, पण भरवशाचे नाहीत. मला तिथं बसून राहणारा माणूस पाहिजे. पारा चोवीसच्या वर जायला नको.”

“मेण बासष्टला वितळतं,” नागसेन म्हणाला. “चाळिशीपर्यंत त्याला काही होत नाही. चोवीस कशाला?”

“माझं पहिलं प्रदर्शन आहे, अण्णा. तुम्ही आपले चोवीसच ठेवा.”

“चोवीस म्हणजे चोवीस,” नागसेन म्हणाला. त्याच्या तोंडून आकडा निघाला म्हणजे शब्द दिल्यातच जमा होता.

मळमड्डीतला तो हॉल म्हणजे एका निवृत्त प्राध्यापकाच्या बंगल्याचा पुढचा भाग. वर कौलं, कौलांखाली लाकडी तक्तपोशी, खाली लाल कोब्याची जमीन. उजेड नको म्हणून खिडक्यांना काळा कागद लावला होता. बाहेर बदामाचं झाड, फाटकाशी दोन-तीन स्कूटर आणि दुपारची ती धारवाडी शांतता, जिच्यात कुणीतरी नेहमी कुठंतरी वीणा शिकत असतं. नागसेननं दोन्ही एसींचे फिल्टर धुतले, गॅस तपासला, मागच्या पडवीतल्या जनरेटरमध्ये डिझेल भरलं आणि दाराजवळ एक खुर्ची, एक वही आणि भिंतीवर थर्मामीटर अशी आपली पीठस्थापना केली. दर तासाला आकडा लिहायचा, एवढंच काम.

चित्रं लागत असताना पल्लवीनं त्याला सगळं समजावलं. मधमाशांचं मेण आणि राळ एकत्र वितळवायची, त्यात रंग कालवायचा, लाकडी फळीवर गरम गरम थर द्यायचा. मग गरम हवेच्या पिचकारीनं तो थर खालच्या थरात मुरवायचा. एकेका चित्रात असे तीस-चाळीस थर. वरून पाहिलं की खालचे थर अंधुक दिसतात. कधीकधी मेणावर पांढुरकी साय धरते, ती मऊ कापडानं पुसायची.

“मेण बाजारचं नाही, आजोबांच्या कढईतलं आहे,” ती म्हणाली. “मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजायची. मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत पितळ जातं. बाहेर आलेलं मेण आमच्याकडं टाकत नाहीत. परत कढईत. साठ-सत्तर वर्षं तेच मेण फिरतंय.”

चित्रं एकूण एकोणीस होती आणि एकही घरात लावावंसं वाटेल असं नव्हतं. एकात झाडाच्या मुळांच्या जागी हात होते. एकात बस होती आणि सगळ्या प्रवाशांच्या मानेवर विझलेले कंदील. एकात विहीर होती. तिच्यात वाकून पाहणाऱ्या बायका खालून वर पाहत होत्या. सगळी काळ्या-तपकिरी रंगांची, खोल खोल. नागसेननं ती सगळी शांतपणे पाहिली. पोरगी हुशार आहे, पण हिचं लग्न जमणं अवघड आहे, असं त्याचं मत झालं आणि ते त्याच्याजवळच राहिलं.

सातवं चित्र त्यातल्या त्यात साधं होतं. एक घरामागचं परसू, भाजलेल्या मातीचे ढीग, मागं धुरकट भिंत. भिंतीकडं तोंड करून एक बाई उकिडवी बसलेली. तिची पाठ, अंबाडा, खांद्यावरून ओढलेला पदर. मांडीवर काहीतरी वळत असावी. चित्राचं नाव ‘परसू’. त्याच्यासमोर नागसेन इतर चित्रांपेक्षा जरा जास्त थांबला, पण तेव्हा त्याला ते विशेष वाटलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. नागसेनला आपल्या आईचं तोंड ठाऊक नव्हतं. ती कावीळ होऊन गेली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि हा तीनचा. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटो काढलाच नव्हता आणि पुढं काढायचं कुणाला सुचलं नाही. नाव रंगूबाई. लहानपणी त्यानं बापाला, बाळाप्पाला, हजारदा विचारलं असेल, ‘आई कशी होती?’ बाळाप्पा बोलायला कंजूष. ‘होती की चांगली,’ एवढंच म्हणायचा. फारच खनपटीला बसलं तर एक गोष्ट सांगायचा: तिचा डावा कान फाटका होता. डूल तारेत अडकून पाळी खालपर्यंत चिरली होती आणि तशीच दोन फाकांत भरून आली. बाळाप्पा गेला त्याला अकरा वर्षं झाली. आईच्या तोंडापैकी नागसेनच्या वाट्याला तेवढा एक कान आला होता. नवऱ्याच्या मनातली ही कळ रूपालीला ठाऊक होती. मुलगी, आरुषी, जन्मली तेव्हा त्यानं पहिल्या वर्षात तिचे अकराशे फोटो काढले, आणि रूपालीनं त्यावरून त्याला कधीच चिडवलं नाही.

शनिवारी संध्याकाळी पाचला उद्घाटन झालं. हॉलच्या समितीचे चिटणीस शेषगिरी सर समई घेऊन हजर. पितळेची, पुरुषभर उंचीची, पाच वातींची.

“सर, ज्योत नको,” पल्लवी म्हणाली. “मेण आहे.”

“हौद्री, हौद्री, खरं आहे,” शेषगिरी सर समजूतदारपणे म्हणाले, “पण दीपप्रज्वलन केल्याबिगर उद्घाटन कसं होतं, तंगी? लोक काय म्हणतील? कोपऱ्यात ठेवू की.”

तंगी म्हणजे धाकटी बहीण, आणि धाकट्या बहिणीचं अशा बाबतीत कोण ऐकतं! समई कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्यात सातवं चित्र होतं. पाहुण्यांनी एकेक वात लावली, टाळ्या झाल्या, भाषणं झाली, मळमड्डीतल्या सगळ्या निवृत्त मंडळींनी चहा घेतला. पेटवलेली समई फुंकून विझवायची नाही, तेल संपेतो जळू द्यायची, म्हणून ती सात वाजेपर्यंत जळत राहिली. नागसेन दर दहा मिनिटांनी चित्रापाशी हात धरून पाहत होता. ऊब होती, पण मेणाला घाम फुटावा इतकी नव्हती. वहीत त्यानं लिहिलं: सहा वाजता, सातव्या चित्रापाशी, एकतीस.

रविवारी सकाळी हॉल उघडून त्यानं चित्रांवरची साय पुसायला घेतली. सातव्यापाशी आला आणि हातातलं कापड तसंच राहिलं.

बाईचा कान दिसत होता.

काल अंबाडा होता, मान होती, पदर होता. कान नव्हता. आता मान जरा डावीकडं वळल्यासारखी आणि अंबाड्याच्या कडेनं कान. कानाची पाळी दोन फाकांची.

नागसेन खुर्चीवर जाऊन बसला. मग उठला आणि प्रदर्शनाची छापील पत्रिका घेऊन आला. तिच्यात सातव्या चित्राचा फोटो होता. त्यात कान नव्हता. समईच्या उबेनं वरचा थर हलला असेल आणि खालचा दिसू लागला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. स्पष्टीकरण ठीक होतं. फक्त एकतीस अंशाला मेणाचा थर हलत नाही, हे त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

पल्लवी अकराला आली. त्यानं तिला दाखवलं. तिनं पत्रिका पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा पत्रिका पाहिली.

“मी कान काढलाच नव्हता,” ती म्हणाली.

“खालच्या थरात असेल.”

“कुठल्याच थरात नव्हता. मी तोंडाचा विचारच केला नाही. मला ती पाठच सुचली.” तिनं हात पुसले, जरी ते ओले नव्हते. “चोवीसच ठेवा, अण्णा.”

तो कान आपल्या आईचा आहे, हे नागसेननं तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण सांगितलं की ती चित्र उतरवेल असं त्याला वाटलं, आणि ते त्याला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणापासून एखादी नोंद लपवत होता.

सोम आणि मंगळवारी सकाळी चित्र होतं तसंच राहिलं. मंगळवारी दुपारी एका एसीच्या पंख्यात कागदाचा तुकडा अडकला, तो काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पारा अठ्ठाविसावर गेला. नागसेन शिडीवरून उतरून सातव्या चित्रापाशी गेला, तर कानापुढं गाल आला होता. गालाच्या हाडाची एक रेघ आणि पापण्यांची टोकं. हॉलमध्ये त्या वेळी कॉलेजच्या दोन मुली होत्या. त्या बसच्या चित्रासमोर कुजबुजत होत्या आणि त्यांना काही दिसलं नव्हतं.

पारा पुन्हा चोविसावर आला. बाई होती तिथंच थांबली. मागं वळली नाही, पुढंही वळली नाही. नागसेननं वहीत एक रेघ मारली आणि लिहिलं: सत्ताविसाच्या वर. मग ते खोडलं.

बुधवारी पल्लवीचे आजोबा रिक्षानं आले. बाबाजी ओतारी, ब्याऐंशी वर्षांचे, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. नातीची चित्रं त्यांनी ओझरती पाहिली, ‘असलं कशाला काढायचं’ असं एकदा म्हणाले, आणि सातव्यापाशी जाऊन उभे राहिले. पल्लवी दाराशी पाहुण्यांत गुंतली होती. भाजलेल्या मातीचे ते ढीग ओताऱ्यांच्याच परसातले असणार, हा हिशेब नागसेननं केला होता. त्यानं म्हाताऱ्याला खुर्ची दिली.

“बाबाजी, तुमच्याकडं रंगूबाई म्हणून कोण कामाला होती का? बाळाप्पाची बायको.”

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. “तू बाळाप्पाचा पोरगा व्हय?”

“हो.”

“रंगू मेणाच्या वळ्या वळायची. मूर्तीचे दागिने कराय लागतात की, सुतासारख्या बारीक वळ्या. तिच्यासारखी वळी कुणाच्या हातची झाली न्हाई. बारा वर्षं हुती आमच्याकडं.”

“तोंडानं कशी होती?”

बाबाजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. “तोंड न्हाई सांगता यायचं, बाळ. ती परसात बसायची, भिंतीकडं तोंड करून. आम्ही आतनं मेणाचा गोळा उंबऱ्यावर ठेवायचो, ती मागं हात करून घ्यायची. त्या वेळी तसंच हुतं. पाठ म्हणशील तर आता बी वळखतो. ही बघ की.”

नागसेनला राग आला. बारा वर्षं त्या घरचे देव तिच्या हातच्या वळ्यांनी नटले आणि कुणी एकदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. म्हाताऱ्याची मान खाली होती. त्याच्यावर रागावून आता काय उपयोग, असंही नागसेनला वाटलं, पण राग काही गेला नाही.

“ती वळायलीय,” तो हळूच म्हणाला.

“दिसलं मला.” बाबाजी काठीवर हात ठेवून उठले. “गार ठेव. आणखी वळू देऊ नको. आमच्या धंद्यात एक गोष्ट हाय बघ. मेणाचं तोंड जातंय तवा पितळेचं येतंय. दोन्ही तोंडं एका माणसाच्या हातात एकदम कधी ऱ्हात न्हाईत. माझ्या बापानं सांगितलेलं हाय.”

नागसेननं मान हलवली. ओताऱ्याला सगळ्या जगात ओतकामच दिसणार, असं त्याला वाटलं. काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं.

गुरुवारी सातवं चित्र पुण्याच्या एका जोडप्यानं घेतलं. चौकटीखाली लाल टिकली लागली. रविवारी संध्याकाळी प्रदर्शन संपलं की ते गाडीतून घेऊन जाणार होते. पल्लवी आनंदानं लहान मुलीसारखी हसली आणि तिनं सगळ्यांना धारवाडी फेडा वाटला. नागसेननंही हातावर घेतला. रविवारनंतर ते तोंड पुण्यातल्या कुठल्याशा भिंतीवर असणार होतं. गालाच्या एका रेघेपर्यंत येऊन थांबलेलं.

शुक्रवारी आणि शनिवारी त्यानं चोवीस अंश राखले. दर तासाला आकडा लिहिला. घरी उशिरा पोचत होता. आरुषी दारात वाट पाहून झोपलेली असायची, आणि तो तिच्या कपाळावर हात ठेवून बाजूला व्हायचा. जेवताना रूपालीनं विचारलं, “काय झालंय तुम्हाला?” तो म्हणाला, “उन्हाळा.”

रविवारच्या पेपरात सूचना होती: लाइनच्या कामासाठी मळमड्डी भागात बारा ते चार वीज बंद.

पल्लवीनं त्याला फोन केला. ती पेट्या आणि खोकी आणायला हुबळीला गेली होती. “जनरेटर आहे न्हवं, अण्णा?”

“आहे,” नागसेन म्हणाला.

“डिझेल?”

“भरलंय.” दोन्ही खरं होतं.

बाराला वीज गेली. एसी एक उसासा टाकून थांबले. हॉलमध्ये कुणी नव्हतं; रविवारी बाराच्या उन्हात मळमड्डीत माणूस घराबाहेर पडत नाही. नागसेननं दार आतून लावून घेतलं. पडवीतल्या जनरेटरपर्यंत जायला वीस पावलं. तो खुर्ची उचलून सातव्या चित्रासमोर नेऊन बसला. विजेरी मांडीवर ठेवली आणि थर्मामीटर भिंतीवरून काढून हातात घेतला.

आपण शब्द मोडतोय, हे त्याला कळत होतं. पल्लवीची दोन वर्षांची मेहनत त्या भिंतींवर होती. त्याला लाज वाटली. पण चाळिशीपर्यंत मेणाला काही होत नाही, चाळीसच्या आत उठायचं, असा हिशेब त्यानं केला आणि बसून राहिला.

साडेबाराला सत्तावीस.

एकला तीस. मेणाचा वास सुटला, मध आणि धूर एकत्र. इतर अठरा चित्रांवर त्यानं विजेरी फिरवली. ती होती तशीच होती.

दीडला तेहेतीस. गाल पूर्ण आला होता. नाकाची कड आली होती. ती वळताना दिसत नव्हती. पापणी मिटून उघडली की आधीपेक्षा जास्त वळलेली असायची, एवढंच.

दोनला पस्तीस. शर्ट पाठीला चिकटला. एक डोळा दिसत होता आणि तो खाली पाहत होता.

फाटकाशी कुणीतरी स्कूटर थांबवली, दार ढकललं आणि बंद पाहून निघून गेलं.

सदतीस.

नागसेननं उगाच पापणी मिटली नाही, पण शेवटी घाम डोळ्यात उतरला आणि मिटावी लागली. उघडली तेव्हा आई त्याच्याकडं तोंड करून बसली होती.

कपाळ रुंद. डाव्या भुवईत देवीचा एक वण. नाक बसकं, त्याच्यासारखंच. वरचा ओठ आखूड, त्यामुळं पुढचे दोन दात जरासे दिसत होते. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. गळ्यापाशी घाम. ती सव्वीस वर्षांची होती, त्याच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. त्यानं फोटो काढायला फोन हातात घेतला आणि परत खिशात घातला. फोनकडं बघण्यात जाणारे दोन क्षण त्याला घालवायचे नव्हते. तो रडत होता, आणि रडताना डोळे मिटू नयेत म्हणून धडपडत होता.

ती त्याला ओळखत नव्हती. परक्या माणसाकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं, दाराकडं, दुसरं कुणी लहान आलंय का ते शोधल्यासारखं.

“आई, मीच,” नागसेन म्हणाला.

तिनं पुन्हा त्याच्याकडं पाहिलं, आणि या वेळी नीट पाहिलं.

अडतीस.

तो उठला, अडखळत पडवीत गेला आणि त्यानं जनरेटर सुरू केला. दिवे लागले, एसी घरघरले. परत आला तेव्हा चित्रातल्या बाईची पाठ होती. अंबाडा, मान, पदर. गाल नव्हता, कानही नव्हता. पत्रिकेतल्या फोटोत होतं तसं, तंतोतंत.

साडेतीनला पल्लवी पेट्या घेऊन आली आणि आधी सातव्या चित्रापाशी गेली. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. “गेला बघा तो कान. थराचाच काहीतरी खेळ होता.” नागसेन म्हणाला, “तसंच असणार.” पाचला पुण्याचं जोडपं आलं. चित्र फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं गेलं, पेटीत बसलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर निघून गेलं. नागसेनला त्याचं काहीच वाटलं नाही. जे हवं होतं ते त्याच्याजवळ होतं. धारवाडहून हुबळीला येताना, नवनगरच्या सिग्नलला, त्यानं क्षणभर डोळे मिटून पाहिलं. तोंड आलं, तीन ठिपक्यांसकट. इतका आनंद त्याला मुलगी झाली त्या दिवशीही झाला नव्हता.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. चप्पल काढतानाच सोप्यात आरुषी दिसली. चित्रांची वही पुढ्यात घेऊन जमिनीवर बसली होती, दाराकडं पाठ करून. दोन वेण्या, लाल रिबिनी. नऊ दिवस अप्पा उशिरा येतात म्हणून रुसली असणार.

“आरुषाबाई,” तो म्हणाला, “रुसवा किती डिग्री?”

“रुसले न्हाई.”

तो हसला आणि वळसा घालून तिच्या समोर, भिंतीला टेकून बसला. वही त्याच्यासमोर होती, रंगीत खडू होते. आणि वेण्या होत्या. ती फिरून बसली असेल, असं त्याला वाटलं. तो उठला आणि दुसऱ्या बाजूला गेला. मधोमध पाडलेला भांग, दोन वेण्या, फ्रॉकची पाठीवरची गाठ.

“असं काय गोल फिरायलाय तिच्याभोवती?” रूपाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “ती बघा, कशी डोळे मोठे करून बघायलीय तुमच्याकडं. घाबरेल की पोरगी.”

नागसेननं खिशातून फोन काढला. पडद्यावर फेब्रुवारीतल्या वाढदिवसाचा फोटो होता. केक होता, हसणारी रूपाली होती, शेजारची पोरं होती. मध्ये पिवळ्या फ्रॉकची पाठ आणि दोन वेण्या. त्याच्या आधीचा फोटो पाहिला. त्याच्या आधीचा. शाळेच्या पहिल्या दिवसाचा, दवाखान्यातला, दुपट्यातला.

त्यानं डोळे मिटले. रुंद कपाळ, भुवईतला वण, तीन ठिपके लगेच समोर आले. ते बाजूला सारून तो मागं काही शोधत राहिला. आरुषीचे पुढचे दात पडले होते, की आले होते? काही केल्या आठवेना.

“आरुषी,” तो म्हणाला. “बाळा, इकडं बघ.”

“बघतेय की, अप्पा,” आरुषी म्हणाली, आणि वेण्या जराही हलल्या नाहीत.